घंटी ऐकू येते, गुरुजी ऐकू येत नाहीत

आमच्या वस्तीत कान फुटणे हा आजार मानलाच जात नसे. पावसाळा लागला की चार घरांतली दोन पोरे कानात कापसाचा बोळा घालून फिरत. कुणाचा कान वाहतो आहे हे सांगावे लागत नसे, वासावरून कळायचे. आई लसूण घालून तेल कोमट करायची आणि दोन-दोन थेंब कानात सोडायची. पू थांबला तर बरे झाले, नाही थांबला तर 'मोठा झाला की आपोआप जाईल' म्हणून विषय संपायचा. आमच्याच घरात थोरल्या भावाचे दोन्ही कान असे आलटून-पालटून वाहत होते, चौथीपासून नववीपर्यंत. वासामुळे शाळेत त्याला शेवटच्या बाकावर बसवले. शेवटच्या बाकावरून गुरुजींचे काही ऐकू येईना. गुरुजींनी प्रगतिपुस्तकावर शेरा मारला, 'लक्ष देत नाही'. सातवीत एकदा नापास, नववीत शाळा सुटली. पुढे तिशी ओलांडल्यावर एका सरकारी दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही पडद्यांना भोके आहेत आणि ती लहानपणापासूनची आहेत. एवढ्या वर्षांत त्याच्या कानात कोणी डोकावूनच पाहिले नव्हते.

हे घरचे दुखणे आम्ही येथे उगाळतो आहोत, कारण ते आमच्या एकट्याच्या घरचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये श्रवणाविषयीचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात १५० कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येते. त्यांतील ४३ कोटींचे ऐकणे इतके गेलेले आहे की त्यांना उपचाराची वा कानाच्या मशीनची गरज आहे. या ४३ कोटींपैकी सुमारे ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. मुलांचे जे बहिरेपण आहे त्यातले सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी आलेले असते. टाळता येण्याजोगे, हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

कान गरीबाघरीच जास्त का वाहतो, हेही समजून घेतले पाहिजे. कानाच्या पडद्यामागे एक छोटी हवेची पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. लहान मुलात ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की जंतू सहज वर चढतात, नळी सुजते, पोकळीत पाणी साचते. पाण्याचा पू झाला की पडदा फाटतो आणि कान वाहू लागतो. एका खोलीत सात माणसे झोपत असतील, चुलीचा धूर घरातच कोंडत असेल, पोराला पोटभर खायला नसेल, तर सर्दी हटत नाही. सर्दी हटत नाही म्हणून कान हटत नाही. याला नशीब किंवा पूर्वजन्मीचे पाप लागत नाही, खोलीचे क्षेत्रफळ पुरते.

आणखी एक प्रकार आहे, तो जास्त फसवा. त्यात पू नाही, वास नाही, दुखणेही फारसे नाही. पडद्यामागे नुसते चिकट पाणी साचून राहते. पोर खेळते, जेवते, हाक मारली तर कधी ओ देते, कधी देत नाही. आई म्हणते ऐकत नाही, गुरुजी म्हणतात ढ आहे. प्रत्यक्षात त्याला सगळे आवाज जणू गोधडीआडून ऐकू येत असतात. साधारण २० ते ३० डेसिबल एवढा आवाज मध्येच अडतो.

२०-३० डेसिबल म्हणजे किती, हे आकड्याने कळत नाही. आपल्या मराठीची गंमत पाहा. आपल्या भाषेत होकार-नकार वाक्याच्या शेपटीला असतो. 'हे उदाहरण वहीत लिहायचे आहे' आणि 'हे उदाहरण वहीत लिहायचे नाही' या दोन वाक्यांत शेवटच्या शब्दापर्यंत काहीच फरक नाही. आणि बोलणाऱ्याचा आवाज पडतो तो नेमका तेथेच. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत असतील, वर पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल, तर मागच्या बाकावरच्या पोराला वाक्य पोचते पण 'आहे' की 'नाही' ते पोचत नाही. ते शेजारच्याच्या वहीत डोकावते. मग कॉपी केली म्हणून मार खाते. आमच्या भावाने असा मार पुष्कळ खाल्ला आहे.

शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले शिसे आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवले आहे, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आज कोणी शिसे ओतत नाही. पण शाळेची दारे ज्यांना मोठ्या लढ्याने उघडून मिळाली त्यांचीच पोरे वर्गात बसूनही धडा ऐकू शकत नसतील, आणि ते कोणी तपासतही नसेल, तर दार उघडल्याचा उपयोग किती झाला, याचा हिशेब मांडलाच पाहिजे.

शासन काहीच करत नाही असे आम्ही म्हणणार नाही. २००६-०७ मध्ये राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २५ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या महाराष्ट्रात, पालघरला. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. ज्या आजारांसाठी तपासायचे त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, मध्यकर्णाचा दाह आहे, ऐकू कमी येणेही आहे. कागदावर कमतरता नाही. पण पथकाच्या पेटीत काय असावे याची त्या कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांमधील यादी वाचा. टॉर्च, घंटी, खुळखुळा. तान्ह्या मुलासाठी खुळखुळा ठीक आहे. परंतु ज्या पोराच्या कानात पाणी साचले आहे ते घंटीच्या आवाजाला मान वळवतेच! घंटी मोठ्याने वाजते. घंटी ऐकू येते, गुरुजी ऐकू येत नाहीत. आणि तपासणीच्या तक्त्यावर 'श्रवण - सामान्य' असे लिहिले जाते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५०.७ लाख भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अंदाजाच्या आधारे बहिरेपणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला तो मात्र ६.३ कोटींचा आहे. बारा पटींहून जास्त फरक! जनगणनेत घरच्यांनी जे सांगितले ते लिहिले गेले, आणि घरच्यांनाच माहीत नसेल तर ते सांगणार काय?

कायद्याची पट्टीही पाहण्यासारखी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर 'कमी ऐकू येणारा' आणि ७० च्या पुढे 'कर्णबधिर'. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात ३५ डेसिबलच्या पुढे ऱ्हास गेला की त्याला कार्यक्षमता घालवणारा मानते. मधल्या ३५ ते ६० मध्ये जे पोर अडकले आहे त्याला ना प्रमाणपत्र, ना सवलत, ना मशीन. तो धडधाकट ठरतो आणि नापासही होतो. आमचा भाऊ याच फटीत पडला होता. हे सगळे रडगाणे येथेच थांबवू.

आम्ही हा लेख लिहायला घेतला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. कान तपासण्याची जी यंत्रे कालपर्यंत फक्त मोठ्या रुग्णालयांत, आवाज न शिरणाऱ्या काचेच्या खोलीत असत, ती गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइल फोनवर येऊ लागली आहेत. तो फोन आशाताईच्या हातात देता येतो.

यात पहिले नाव घ्यावे लागेल दक्षिण आफ्रिकेचे. तेथील प्रिटोरिया विद्यापीठात डी वेट स्वानेपूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हिअरस्क्रीन' नावाचे साधन तयार केले. त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधा स्मार्टफोन आणि मोजून जुळवलेला हेडफोन, एवढेच साहित्य. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांतले हळू आवाज पोराला ऐकवायचे, ऐकू आला की त्याने हात वर करायचा. विशेष म्हणजे खोलीत गोंगाट जास्त असेल तर फोन स्वतःच तसे सांगतो, आणि तपासणारी बाई घाईघाईने चुकीचे बटण दाबत असेल तर तेही पकडतो. प्रिटोरियाजवळच्या मामेलोडीसारख्या वस्तीत, म्हणजे वर्णद्वेषी राजवटीने काळ्या लोकांना जेथे नेऊन टाकले होते अशा ठिकाणी, बालवाड्यांतली मुले तपासण्यासाठी ते वापरले गेले. तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, त्याच भागातल्या आरोग्यसेविका होत्या. आमच्या आशाताईंपेक्षा त्यांचे शिक्षण जास्त होते असे नाही.

दिल्लीतही असे घडले आहे. मेडट्रॉनिक कंपनीने २०१३ मध्ये डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलच्या सोबतीने 'श्रुती' नावाचा उपक्रम दिल्लीच्या झोपडपट्ट्यांत सुरू केला. फोनला जोडलेली एक दुर्बीण होती, 'एंट्राव्ह्यू' नावाची. आरोग्यसेविका घरोघरी जाऊन कानात ती लावायची, पडद्याचा फोटो निघायचा, तो दूर बसलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ पाहायचा आणि पुढे काय करायचे ते सांगायचा. कानात नुसता मळ घट्ट बसला म्हणून वर्षानुवर्षे कमी ऐकणारी माणसे अशा तपासणीत फार सापडतात. मळ काढला की ऐकू येते! त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, पण कोणीतरी आत पाहावे लागते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर कमाल केली. बाजारात माठ घेताना आपल्या बाया बोटाने टिचकी मारून पाहतात. रिकामा माठ खणखणतो, पाणी भरलेला बद्द वाजतो. कानाच्या पडद्याचेही तसेच आहे. मागे हवा असेल तर तो एका तऱ्हेने थरथरतो, पाणी असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. या मंडळींनी २०१९ मध्ये दाखवून दिले की कागदाचे एक नरसाळे करून फोनला लावावे, नरसाळ्याचे टोक पोराच्या कानाशी धरावे, फोनने चिवचिव असा बारीक आवाज सोडावा आणि परत आलेला आवाज स्वतःच ऐकून आत पाणी आहे की नाही हे ओळखावे. सुमारे ८५ टक्के वेळा पाणी बरोबर ओळखले गेले. कागदाचे नरसाळे! भेळवाल्याकडे असते तसे. पुढे २०२२ मध्ये त्यांनी आणखी एक यंत्र केले. कानात हवेचा दाब किंचित कमी-जास्त करून पडदा हलतो की नाही हे पाहणारे यंत्र रुग्णालयात असते, त्याची किंमत हजारो डॉलर. यांच्या फोनला जोडायच्या यंत्राचे सुटे भाग अवघ्या २८ डॉलरचे. ५० मुलांवर ते वापरून पाहिले तेव्हा महागड्या यंत्राशी त्याचा निकाल सुमारे ८६ टक्के जुळला. त्याच वर्षी स्वस्त इअरफोनचे भाग वापरून तान्ह्या बाळाचा आतला कान तपासण्याची पद्धतही त्यांनी मांडली. निरोगी आतला कान आवाज ऐकल्यावर स्वतःही एक अतिसूक्ष्म आवाज बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले होते. तोच आवाज हे यंत्र पकडते.

आपल्या देशातही नवजात बाळांसाठी 'सोहम' नावाचे यंत्र २०१७ मध्ये पुढे आले. बाळाच्या डोक्याला तीन तारा लावून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही हे ते पाहते. दिल्लीच्या एम्स आणि आयआयटीशी जोडलेल्या कार्यक्रमातून तयार झालेले हे देशी यंत्र आहे. म्हणजे आपल्याकडे बुद्धी नाही अशातला भाग नाही.

आता वाचक म्हणतील, फोन वाटा म्हणजे झाले. एवढे सोपे नाही. आम्ही यंत्रांचे भाट नाही. सरकारी यंत्रांचे काय होते ते आपण पाहतोच. उद्घाटन होते, फोटो निघतो, आणि वर्षभराने यंत्र कपाटात सापडते कारण त्याची वायर तुटलेली असते. हेडफोनचे मोजमाप ठरावीक मुदतीने पुन्हा जुळवून घ्यावे लागते, नाहीतर २५ डेसिबल म्हणून ४० डेसिबल ऐकवले जाते आणि सगळीच पोरे पास होतात. शिवाय ८५ टक्के बरोबर याचा अर्थ बाकीच्यांचे चुकते असाही आहे. म्हणून फोनने 'गडबड आहे' म्हटले की ते निदान नव्हे, पुढच्या तपासणीची चिठ्ठी आहे.

आणि खरी मेख या चिठ्ठीतच आहे. अलास्काच्या उत्तर-पश्चिम टोकाला नॉर्टन साउंड नावाचा भाग आहे. तेथे मूळनिवासी लोकांची विखुरलेली खेडी आहेत, एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही, विमानाने जावे लागते. तेथल्या १५ गावांत २०१७ ते २०१९ या काळात एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आले. शाळेतल्या मुलांचे कान सगळीकडेच तपासले. पण काही गावांत दोष सापडलेल्या मुलाला नेहमीप्रमाणे चिठ्ठी देऊन दवाखान्याकडे पाठवले, तर काही गावांत गावातल्याच आरोग्यसेवकाने कानाचे फोटो व मोजमापे काढून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवली. नऊ महिन्यांत काय झाले? चिठ्ठीवाल्या गावांत शंभरातील सुमारे ३२ मुलांपर्यंतच पुढची सेवा पोचली. दुसऱ्या गावांत सुमारे ६८ मुलांपर्यंत. तपासणी तीच. फरक पडला तो पोराला तज्ज्ञाकडे न नेता पोराचा कान तज्ज्ञाकडे नेल्याने.

आमच्याकडची चिठ्ठी कोठे जाते हे वेगळे सांगायला हवे काय? तालुक्याच्या दवाखान्यात कानाचा डॉक्टर नाही, जिल्ह्याला आहे पण तो विशिष्ट वारीच बसतो. आईचा एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचे भाडे जाते, तेथे गेल्यावर 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. दुसऱ्यांदा कोण जाईल? चिठ्ठी डब्यात राहते. आमच्या आईच्या डब्यात अशा दोन चिठ्ठ्या होत्या.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरणही द्यावेसे वाटते, ते मन सुन्न करणारे आहे. तेथील मूळनिवासी मुलांत कान वाहण्याचे प्रमाण जगात अत्यंत जास्त समजले जाते. वाहत्या कानाचे प्रमाण मुलांत ४ टक्क्यांच्या पुढे गेले तर ती तातडीची सार्वजनिक आरोग्य समस्या समजावी असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे, आणि तेथल्या अनेक वस्त्या या रेषेच्या कितीतरी पुढे आहेत. त्या देशाच्या नॉर्दर्न टेरिटरी भागातल्या तुरुंगांत मूळनिवासी कैद्यांचे कान तपासले तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक कैद्यांना कमी ऐकू येत होते. पोलिसांनी काय विचारले, न्यायाधीश काय म्हणाले, हे तरी त्यांना नीट ऐकू आले असेल का?

आता थोडा घरचा आहेर. कान फक्त जंतूंनी जातात असे नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आमची माणसे आयुष्यभर खटखटाटात उभी राहिली. हलगी आणि ताशा वाजवणाऱ्यांचे कान कोणी मोजलेच नाहीत. आणि १४ एप्रिलला आम्हीच भिंतीएवढे डीजे आणून त्यांच्यापुढे चार-पाच वर्षांची पोरे खांद्यावर घेऊन नाचतो. ज्या महामानवाने ग्रंथांसाठी घर बांधले त्याच्या जयंतीला पोरांच्या कानठळ्या बसवण्याचे कारण आम्हाला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. आवाजाने गेलेले कान ऑपरेशनने परत येत नाहीत. त्या मानाने वाहता कान बरा! पू कोरडा करून कान सुका ठेवला, डॉक्टरने दिलेले थेंब वेळेवर घातले तर बहुतेक कान थांबतात, आणि पडद्याचे भोक ऑपरेशनने बुजवता येते. तेल मात्र घालू नये. आमच्या आईला हे कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा मागणी काय करायची? फिरत्या पथकाच्या पेटीत खुळखुळ्याशेजारी आवाज मोजून ऐकवणारा फोन आणि कानाचा फोटो काढणारी दुर्बीण आली पाहिजे. तो फोटो पाहून आठ दिवसांत उत्तर देणारा तज्ज्ञ जिल्ह्यात नेमलेला असला पाहिजे. आशाताईला हे काम सांगायचे तर त्याचा वेगळा मोबदला दिला पाहिजे, फुकटात आणखी एक ओझे नको. आणि ज्याच्या कानात दोष सापडला त्याला त्याच दिवशी पहिल्या बाकावर बसवले पाहिजे. या शेवटच्या गोष्टीला तर एक रुपयाही लागत नाही.

हे वरून आपोआप येईल याची वाट पाहत बसू नये. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. पुढच्या वेळी आरोग्य पथक गावात आले की समितीतल्या आपल्या माणसांनी तीन प्रश्न विचारावेत. मुलांचे कान कशाने तपासले? किती मुलांत दोष सापडला? त्यांतली किती मुले प्रत्यक्षात डॉक्टरपर्यंत पोचली? तोंडी उत्तर घेऊ नये, लेखी मागावे.